गिनी पिगचा आहार: आधी गवत, मग भाजी, शेवटी पेलेट

बहुतेक घरांत हा क्रम उलटा असतो. सकाळी वाटीभर पेलेट (दुकानात पाकिटात मिळणारं, दाबून केलेलं गोळ्यांचं खाद्य), दुपारी गाजराचा तुकडा, संध्याकाळी पोळीचा कुस्करा. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात मूठभर सुकं गवत पडून असतं, आणि 'तो खातच नाही' म्हणून ते पुन्हा आणलं जात नाही. काही महिने सगळं ठीक दिसतं. मग दाढा वाढून जिभेला टोचू लागतात, लघवीत खडे होतात, सांधे सुजतात. घरच्यांच्या लक्षात येतं तोवर जनावराने खाणं सोडलेलं असतं.

खाली दिलेल्या प्रत्येक सूचनेमागे तीन कारणं आहेत. एक, गिनी पिगचे पुढचे दात आणि दाढा आयुष्यभर वाढत राहतात. लांब, चरबरीत गवत जबडा आडवा फिरवत तासन्‌तास चघळलं तरच ते झिजतात. पेलेट दोन चाव्यांत भुगा होते, तिने झीज होत नाही. दोन, त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं आणि त्याला चालतं ठेवतो तो गवतातला चोथा. तीन, माणसासारखंच गिनी पिगच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही. ते रोज बाहेरून मिळावं लागतं.

## टप्पा १: वजन करा आणि सध्याचं खाणं लिहून काढा

आहार बदलण्याआधी दोन-तीन दिवस काहीही बदलू नका. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. त्यावर खोलगट टोपलं ठेवून काटा शून्यावर आणा आणि गिनी पिगला आत बसवा. सकाळी खाणं देण्याआधी, रोज त्याच वेळी वजन करा. पूर्ण वाढलेली मादी साधारण ७०० ते ९०० ग्रॅम आणि नर ९०० ते १२०० ग्रॅम भरतो.

सोबत एका वहीत लिहा: पेलेट किती चमचे, भाजी कोणती, घरातलं कोण काय भरवतं. हे शेवटचं नक्की विचारा. आजी शेंगदाणा देते आणि मुलं बिस्किट देतात हे बरेचदा इथेच पहिल्यांदा कळतं.

तपासा: लेंड्या गडद, घट्ट, लांबट गोल आणि एकसारख्या आकाराच्या हव्यात. बारीक, टोकदार किंवा केसांनी एकमेकींना जोडलेल्या दिसल्या तर पोटात गवत कमी जात आहे. गिनी पिग अधूनमधून मान खाली घालून स्वतःचीच मऊ लेंडी थेट खातो. ते अगदी नैसर्गिक आहे. त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. त्याला अडवू नका.

## टप्पा २: गवत निवडा आणि पावसाळ्यातून वाचवा

पोटात जाणाऱ्या अन्नाचा मोठा भाग सुक्या गवताचाच हवा. टिमोथी सगळ्यांत सहज मिळतं. ऑर्चर्ड किंवा ओटचं गवतही चालतं. मुंबईत ही पाकिटं पाळीव प्राण्यांच्या मोठ्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतात. चांगलं गवत हिरवट, लांब काड्यांचं असतं आणि त्याला गोडसर वास येतो. पिवळं पडलेलं, तळाशी नुसता भुसा असलेलं पाकीट घेऊ नका. ती धूळ नाकात जाऊन शिंका सुरू होतात.

नावांचा घोळ इथेच होतो, म्हणून नीट वाचा.

लसूणघास, म्हणजे पाकिटावर 'अल्फाल्फा' लिहिलेलं असतं ते, गवत नव्हेच. ती शेंगवर्गातली वनस्पती आहे. तिच्यात कॅल्शियम आणि प्रथिनं फार. सहा महिन्यांखालची पिल्लं, गाभण आणि पाजणाऱ्या माद्या यांना ती टिमोथीच्या जोडीला द्यावी. मोठ्या गिनी पिगला रोज दिली तर मूत्राशयात खडे होण्याचा धोका वाढतो. बरसीमही त्याच कुळातली.

भाताचा पेंढा पोट भरतो, पण पोषण जवळजवळ देत नाही आणि काड्या टोचतात. तो अंथरायला ठीक आहे, मुख्य खाद्य म्हणून नाही. ज्वारीचा कोवळा हिरवा चारा देऊच नका. त्यात विषारी द्रव्य असतं आणि गुरंही त्याने दगावतात.

देवळाबाहेर गाईसाठी मिळणारी चाऱ्याची पेंडी स्वस्त असते. पण तिच्यात नेमकं कोणतं गवत आहे आणि ते कुठल्या पाण्यावर वाढलं आहे हे कळायला मार्ग नसतो, म्हणून ती टाळलेली बरी.

आता साठवण. जून ते सप्टेंबर या काळात मुंबईत गवत बुरशीनेच जास्त वाया जातं.

१. या महिन्यांत एका वेळी पंधरा दिवस पुरेल इतकंच आणा.

२. पाकीट फोडल्यावर मुठीत दाबून बघा. गवत कुरकुरीत वाटलं पाहिजे. जरा जरी मऊ किंवा गार लागलं तर वर्तमानपत्रावर पातळ पसरून पंख्याखाली चार-पाच तास ठेवा.

३. पूर्ण कोरडं झालेलं गवत झाकणाच्या डब्यात भरा. डबा भिंतीला आणि जमिनीला टेकवू नका. खाली पाट किंवा स्टूल ठेवा. ओलसर गवत बंद डब्यात भरणं ही सगळ्यांत मोठी चूक. दोन दिवसांत आत बुरशी धरते.

४. रोज लागेल तेवढंच बाहेर काढा आणि लगेच झाकण लावा.

इशारा: कुबट वास, करडे-पांढरे ठिपके किंवा झटकल्यावर उडणारी पूड दिसली तर तो सगळा डबा टाकून द्या. वरचा भाग काढून खालचा वापरू नका, आणि उन्हात घालूनही ते गवत परत खाण्याजोगं होत नाही.

## टप्पा ३: न खाणाऱ्याला गवताची सवय लावा

गिनी पिग लहानपणी जे खातो त्यालाच अन्न मानतो. ज्याने पिलू असताना गवत पाहिलंच नाही, तो मोठेपणी ते तुडवून वर बसतो. यात हट्टीपणा नाही, त्याला ती चीज ओळखू येत नाही एवढंच. अशा वेळी उपाशी ठेवून 'भूक लागली की खाईल' हा प्रयोग जिवावर बेततो, कारण रिकाम्या पोटी त्याचं आतडं थांबतं.

मुंबईत यावर एक छान उपाय हाताशी आहे: दूर्वा. ही हरळीच, आणि गिनी पिगला ती चालते. ओलं, कोवळं पातं त्याला सुक्या काडीपेक्षा लवकर ओळखीचं होतं. फुलवाल्याकडून जुडी आणा, दोरा सोडा, चिखलाची मुळं कापून टाका, तीनदा पाण्यातून काढा आणि फडक्यावर कोरडी होऊ द्या. फुलवाले दिवसभर पाणी शिंपडत असल्यामुळे जुडीचा मधला भाग बऱ्याचदा कुजलेला असतो. तो आवर्जून उघडून बघा. पहिल्या दिवशी पाच-सहा पाती पुरेत. पोट ठीक राहिलं तर आठवड्याभरात छोट्या मुठीपर्यंत न्या. मग त्याच दूर्वा सुक्या गवतात मिसळून द्या, आणि हळूहळू दूर्वा कमी करत गवत वाढवा.

देवाला वाहिलेल्या दूर्वा मात्र देऊ नका. त्यांना हळद-कुंकू, गंध, अत्तर लागलेलं असतं. निर्माल्यातली फुलंही नकोत. त्यांवर कीटकनाशकं फवारलेली असू शकतात.

दुसरा उपाय म्हणजे घरी गव्हाचं गवत लावणं. गहू रात्रभर भिजवा, एक दिवस ओल्या फडक्यात मोड आणा, मग ट्रेमध्ये दोन-तीन सेंटिमीटर माती किंवा कोकोपीटवर पसरा. आठ ते दहा दिवसांत वीतभर गवत येतं. बियाण्याचा रंगवलेला गहू घेऊ नका, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. वर्षाच्या साठवणीच्या गव्हाला बोरिक पावडर किंवा एरंडेल लावलं असेल तर तोही नको. वाण्याकडून पावशेर ताजा गहू आणा. पावसाळ्यात पाणी बेताने घाला. दाण्यांवर पांढरी बुरशी आली तर तो ट्रे टाकून द्या.

गवत पाण्याच्या बाटलीजवळ आणि लपायच्या जागेजवळ, दोन ठिकाणी ठेवा. दिवसातून दोनदा ताजं घाला. किती घालायचं? त्याच्या अंगाएवढा ढीग कायम दिसला पाहिजे. गवत संपलेला पिंजरा एक तासही राहू नये. काही जाड काड्या तो सोडून देणार, त्याला 'नासाडी' समजून गवत कमी करू नका.

## टप्पा ४: भाजी, म्हणजे मुख्यतः क जीवनसत्त्व

मोठ्या गिनी पिगला रोज साधारण १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. गाभण मादीला याहून जास्त. कमी पडलं तर दोन-तीन आठवड्यांत लक्षणं दिसू शकतात: केस राठ होतात, चालताना लंगडतो, उचललं की ओरडतो, हिरड्यांतून रक्त येतं, खाणं मंदावतं.

यासाठी सगळ्यांत भरवशाची भाजी आपल्या भाजीवाल्याकडे बारा महिने असते: सिमला मिरची. १०० ग्रॅम हिरव्या सिमला मिरचीत सुमारे ८० मिलिग्रॅम, लाल सिमला मिरचीत सुमारे १२५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. म्हणजे मध्यम मिरचीचा चौथा भाग, साधारण ३० ग्रॅम, दिला की दिवसाची गरज जवळजवळ भागते. लाल सिमला मिरची जास्त गोड असते, म्हणून रोज हिरवी आणि आठवड्यातून दोनदा लाल हे प्रमाण चांगलं. देठ आणि बिया काढा.

एका मोठ्या गिनी पिगला दिवसाला वाटीभर, ७० ते १०० ग्रॅम भाजी पुरते. नेहमीची वाटी अशी भरा: सिमला मिरचीचा चौथा भाग, लेट्यूसची दोन पानं, कोथिंबिरीच्या सात-आठ काड्या देठांसह, काकडीची एक जाड चकती सालीसकट. कोथिंबिरीऐवजी कधी शेपू, कधी पुदिना. पावसाळ्यात मक्याच्या कणसाची ताजी हिरवी साल द्या, त्यांना फार आवडते. दाणे मात्र देऊ नका, त्यात पिष्ट जास्त.

पेरू हा क जीवनसत्त्वाचा खजिना आहे, पण फळ म्हणजे साखर. बियांचा भाग काढून अंगठ्याएवढी फोड आठवड्यातून दोनदा, बस. सफरचंद आणि केळं यांनाही हाच नियम. गाजर भाजीत मोजलं जातं, पण गोडाच्या बाबतीत ते फळाकडेच झुकतं. रोज अख्खं गाजर खाणारा गिनी पिग लठ्ठ होतो आणि गवताकडे ढुंकून बघत नाही. आठवड्यातून दोन-तीन पातळ चकत्या पुरेत.

पालेभाज्यांची निवड आपल्याकडे जास्त चुकते. 'हिरवा पाला तो चांगला' असा समज असतो, पण पालक, लाल माठ, राजगिरा, चुका, अंबाडी, बीटचा पाला यांत ऑक्झलेट भरपूर असतं आणि ते कॅल्शियमशी मिळून खडे करतं. पालकाचं एखादं पान आठवड्यातून एकदा चालून जाईल, बाकीच्या नकोतच. अळूने तोंड आणि घसा खाजतो, ते कधीच नाही. मेथीत आणि मुळ्याच्या पाल्यात कॅल्शियम जास्त, म्हणून दोन-चार पानं आठवड्यातून एकदा. कोबी-फ्लॉवरने काहींचं पोट फुगतं. कोबीच्या पानाचा छोटा तुकडा कधीतरी.

कधीच देऊ नका: कांदा, कांद्याची पात, लसूण, बटाटा आणि त्याची सालं किंवा मोड, टोमॅटोचं देठ आणि पानं, अ‍ॅव्होकाडो, चॉकलेट. पोळी, भात, पोहे, ब्रेड, बिस्किट, फरसाण, शेंगदाणे, डाळी, दूध, दही हेही नाही. हे पोट पिष्ट, तेल आणि दूध पचवण्यासाठी बनलेलं नाही. त्याने आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि वायू धरतो.

धुणं नीट करा. शहरातल्या काही पालेभाज्या रेल्वेरुळांलगत सांडपाण्यावर वाढतात, आणि बाजारात आल्यावर त्या ओळखता येत नाहीत. जुडी सोडून बुळबुळीत पानं टाका, दहा मिनिटं पाण्यात ठेवा, तीनदा पाणी बदला, चाळणीत निथळून फडक्यावर पसरा. फ्रिजमधली भाजी अर्धा तास बाहेर ठेवून मग द्या. दोन-तीन तासांत न संपलेली भाजी उचला. मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात तर दोन तासांच्या आत, नाहीतर ती आंबते आणि जनावर तीच खातं.

इशारा: क जीवनसत्त्वाचे थेंब पाण्याच्या बाटलीत घालू नका. ते पाण्यात लवकर नष्ट होतं, चव बदलली म्हणून गिनी पिग पाणी कमी पितो, आणि किती पोटात गेलं ते कळत नाही. डॉक्टरांनी थेंब दिले तर सिरिंजने गालाच्या बाजूने तोंडात द्या. माणसांच्या मल्टिव्हिटॅमिन गोळ्या नकोत. त्यातलं अ आणि ड जीवनसत्त्व जास्त होऊन बाधतं.

## टप्पा ५: पेलेट मोजून

दिवसाला एक ते दोन मोठे चमचे, एवढंच. वाटी भरून ठेवण्याची पद्धत बंद करा. जे पाकीट घ्याल ते गिनी पिगसाठीच असावं. सशाच्या पेलेटमध्ये वरून क जीवनसत्त्व घातलेलं नसतं आणि दुकानात 'दोन्ही सारखंच' असं सर्रास सांगतात. रंगीत तुकडे, सूर्यफुलाच्या बिया, सुकवलेला मका मिसळलेलं खाद्य घेऊ नका. गिनी पिग चविष्ट तुकडे वेचून खातो आणि उरलेलं टाकतो. शिवाय बिया घशात अडकू शकतात. घटकांत पहिलं नाव टिमोथीसारख्या गवताचं हवं.

पाकिटावरची उत्पादनाची तारीख वाचा. त्यातलं क जीवनसत्त्व काही महिन्यांत बरंच घटतं, आणि उष्ण-दमट हवेत आणखी लवकर. म्हणून सुटं, तारीख नसलेलं खाद्य कितीही स्वस्त असलं तरी नको, आणि मोठी गोणी तर नकोच. मिठाचे दगड, खनिजांच्या वड्या आणि मधाच्या काड्या यांची काहीच गरज नाही.

## टप्पा ६: पाणी

२५० मिलिलिटरची, नळीच्या तोंडाशी धातूची फिरती गोळी असलेली बाटली. रोज सकाळी आणि उन्हाळ्यात संध्याकाळीही पाणी बदला. पालिकेचं पाणी उकळून गार करून द्या. टँकरचं किंवा बोअरचं पाणी बरेचदा जड असतं, ते टाळा. गोळी रोज बोटाने फिरवून पाहा. गवताचा कण अडकून पाणी बंद झालेलं दिवसभर कळत नाही.

## टप्पा ७: जुना आहार बदलण्याचा क्रम

पहिला आठवडा: काहीही काढू नका. फक्त गवत भरपूर ठेवा आणि दूर्वांची ओळख करून द्या. आजवर भाजी मिळालीच नसेल तर सिमला मिरचीचा नखाएवढा तुकडा पहिल्याच दिवशी सुरू करा आणि रोज थोडा वाढवा. क जीवनसत्त्वासाठी थांबता येत नाही.

दुसरा आठवडा: पोळी, बिस्किट, दाणे बंद. घरातल्या सगळ्यांना सांगून बंद. आणखी एक भाजी सुरू करा. दोन नव्या भाज्यांत तीन दिवसांचं अंतर ठेवा, म्हणजे पोट बिघडलं तर कशाने ते समजेल.

तिसऱ्या आठवड्यापासून: पेलेट दर चार दिवसांनी पावपट कमी करत दोन चमच्यांवर आणा. कंपनी बदलायची असेल तर जुन्यात नवी मिसळत दोन आठवडे घ्या.

बदल चालू असताना रोज वजन करा. २५-३० ग्रॅमचा चढउतार नेहमीचा. ५० ग्रॅम उतरलं तर पेलेट कमी करणं थांबवा आणि मागच्या पायरीवर जा. ८० ग्रॅमच्या पुढे उतरलं तर डॉक्टर. बदल पूर्ण झाल्यावर आठवड्यातून एकदा वजन पुरे.

तपासा: लेंड्या मऊ झाल्या तर भाजी थांबवून एक-दोन दिवस फक्त गवत आणि पाणी द्या, आणि मग जुन्या भाजीपासून पुन्हा सुरुवात करा. पाण्यासारखे जुलाब झाले तर घरी उपाय करत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. लघवी वाळल्यावर खरखरीत पांढरी भुकटी उरत असेल, लघवीत रक्त दिसत असेल किंवा करताना तो ओरडत असेल, तर खड्यांची शंका घ्या.

## टप्पा ८: गणपतीला गावी जाताना

गिनी पिगला दोन दिवसांचं खाणं एकदम भरून ठेवून जाता येत नाही. भाजी कुजते, पेलेट तो पहिल्याच रात्री संपवतो. शेजाऱ्यांना किंवा मावशींना सांगायचं असेल तर तोंडी सांगू नका. दिवसाप्रमाणे पिशव्या करा: गवताची एक, मोजलेल्या पेलेटची एक छोटी. भाजी त्यांनी रोज ताजी आणावी; फक्त सिमला मिरची, काकडी आणि कोथिंबीर एवढंच लिहून ठेवा. आपण नसताना नवी भाजी देण्याचा मोह कुणालाही होऊ नये, म्हणून 'यादीबाहेरचं काही नाही, प्रसादही नाही' असं पिंजऱ्यावर मोठ्या अक्षरांत चिकटवा.

त्याच कागदावर डॉक्टरांचा नंबर हवा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर गिनी पिग पाहतात असं नाही. आधीच फोन करून विचारून ठेवा. बारा तास काहीही खाल्लं नाही किंवा लेंड्या थांबल्या, तर सकाळची वाट न पाहता न्यायचं. आणि घरातलं प्रतिजैविक औषध चुकूनही द्यायचं नाही. अमॉक्सिसिलिन आणि पेनिसिलिन गटातली औषधं तोंडावाटे दिली तर गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात आणि त्याने तो काही दिवसांत दगावू शकतो.